विकलेल्या कापडाचे पैसे फिरते करा: वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय, सविनय नमस्कार.

मंदी आली की इचलकरंजीत आधी रात्रपाळी बंद होते, मग आठवड्यातले एक-दोन दिवस माग थांबतात, आणि शेवटी शेडच्या दाराला कुलूप लागते. भिवंडी, मालेगाव, विट्यातही फारसे वेगळे घडत नाही. अशा वेळी यंत्रमागधारकांची शिष्टमंडळे तुमच्याकडे येतात आणि वीजदरात सवलत, व्याजात सवलत मागतात. त्या मागण्या रास्त आहेत. पण मी यंत्रमाग कारखान्यांत दिवाणजी आहे, हिशेबाच्या वह्यांवर माझे आयुष्य गेले आहे. त्या वह्या सांगतात की मंदीत छोटा कारखाना बंद पडतो तो तोट्यापेक्षाही अडकलेल्या पैशामुळे.

स्वतःचे सूत घेऊन कापड विणणारा चोवीस मागांचा मालक घ्या. सुताचे पैसे त्याला रोख किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर द्यावे लागतात. सायझिंगचे, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावून देण्याचे, बिल थांबत नाही. कामगाराचा पगार आठवड्याला, वीजबिल महिन्याला. आणि कापडाचे पैसे? पेमेंटधारा, म्हणजे पैसे चुकवण्याची मुदत, ठरतो 30 दिवसांचा. बाजार पडला की तोच व्यापारी 60 दिवसांवर जातो, मग 90 वर, आणि देताना वटाव, म्हणजे बिलातून सूट, कापतो तो वेगळाच. समजा, 10 लाखांच्या कापडाचे पैसे 60 दिवस उशिरा आले. 12 टक्के व्याजाने त्याची किंमत जवळपास 20 हजार रुपये होते. साध्या मागावरच्या कापडात मंदीच्या दिवसांत तेवढे सुटले तरी मालक समाधानी असतो. म्हणजे कापड नीट विणले, विकलेही, आणि कमाई मात्र वाट पाहण्यातच संपली.

कायदा नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचे आहे. आमच्या बाजारात हे व्याज मागणारा माणूस मला भेटलेला नाही. मागितले की पुढचा सौदा शेजारच्या कारखान्याला जातो. पुढे 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याचे कलम 43 बी (एच) लागू झाले. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी कर मोजताना तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. हेतू चांगला होता. बाजारात मात्र ‘उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करा, नाहीतर माल घेत नाही’ असे सांगणारे व्यापारी निघाले, आणि काहींनी खरोखरच नोंदणी रद्द केली. दुबळ्याच्या हातात कायदा दिला, पण तो वापरण्याची किंमतही त्यानेच मोजायची, हे असे किती दिवस चालणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: मंदीत नवे कर्ज देण्याआधी विकलेल्या मालाचे पैसे फिरते करा. मे 2020 मध्ये केंद्राने हमीवरची तातडीची कर्जयोजना आणली. तिने अनेक कारखाने तगले, हे मी मान्य करतो. पण ते शेवटी कर्जच होते, हप्ते सुरू झाले तेव्हा कापडाला उठाव नव्हता. नव्या मागांसाठीच्या भांडवली अनुदानाबद्दलही मला हेच वाटते. बाजारात कापड पडून असताना आणखी कापड विणणारी यंत्रे कर्जावर आणायला लावणे, ही मंदीवरची तोड नव्हे.

पैसे फिरवण्याचा एक मार्ग देशात आधीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ट्रेड्स मंच, म्हणजे उधारीच्या बिलांवर लगेच पैसे मिळवून देणारे ऑनलाइन बाजार, 2017 पासून सुरू आहेत. पुरवठादार बिल मंचावर चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, मग बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात. सर्वांत कमी व्याज मागणाऱ्याकडून पुरवठादाराला लगेच पैसे मिळतात. मुदतीला खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर बँक त्याच्या मागे लागते, पुरवठादाराच्या नाही. पैसे खरेदीदाराची पत पाहून मिळतात, हा यातला खरा फरक आहे. छोट्या मागधारकाची पत कमी, तारण संपलेले. पण त्याचे बिल ज्याच्यावर आहे त्याची पत मोठी असू शकते.

अडचण अशी की या मंचावर नोंदणीची सक्ती 250 कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना आहे. आमचे कापड घेणारा इचलकरंजीचा, राजस्थानातल्या बालोतऱ्याचा किंवा गुजरातेतल्या जेतपूरचा व्यापारी त्यात बसत नाही. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा, तर आणखी लांब राहतो. ही साखळी वरून खाली आणावी लागेल, आणि सुरुवात सरकार स्वतःपासून करू शकते. शाळेच्या गणवेशाचे कापड, रुग्णालयांच्या चादरी राज्याच्या पैशातून घेतल्या जातात. अशा प्रत्येक पुरवठ्याचे बिल ट्रेड्सवर मान्य करणे राज्याच्या खात्यांना आणि महामंडळांना बंधनकारक करा. मुख्य पुरवठादाराला पैसे मिळाले की त्याने ते कापड विणणाऱ्याला किती दिवसांत द्यायचे, हेही निविदेतच लिहा. आणि बोली लावणाऱ्यांत आमच्या नागरी सहकारी बँका दिसल्या पाहिजेत. कोणता कारखानदार शब्दाचा पक्का आहे, हे गावातल्या बँकेइतके कुणाला ठाऊक असते?

दुसरी गोष्ट स्लोव्हेनियाकडून घेण्यासारखी आहे. त्या छोट्या देशात 1991 पासून कंपन्या आपली देणी एका सार्वजनिक यंत्रणेकडे नोंदवतात. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने अ ला पैसे द्यायचे असतील तर ती यंत्रणा हे वर्तुळ शोधते आणि तिघांचीही तेवढी देणी परस्पर वळती करते. एक रुपयाही न हलता तिघांचे ओझे उतरते. इचलकरंजीसाठी ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण इथे सायझिंगवाल्याचे स्वतःचे माग असतात, सूत विकणारा कापडही घेतो, आणि सगळे एकमेकांचे देणेकरी असतात. कुणाचे बिल कुणावर आहे, हे जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे जीएसटीच्या विक्री विवरणपत्रात, नोंदलेलेच असते. मागधारक संघटना, दोन-तीन सहकारी बँका आणि वस्त्रोद्योग आयुक्तालय मिळून एका गावात, स्वेच्छेने, महिन्यातून एकदा हे करून पाहू शकतात.

सूत बँकेचा विचारही पुन्हा व्हावा. 2017 च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत मागधारकांच्या गटाला सूत खरेदीसाठी 2 कोटींपर्यंत बिनव्याजी निधीची तरतूद होती. सुताचा भाव आठवड्यात वर-खाली होतो आणि दोन-चार पेट्या घेणाऱ्याला तो नेहमी चढ्या टोकालाच मिळतो. गटाने एकत्र सूत घेतले तर हा मार कमी होईल.

आणि कामगार. त्याची मजुरी विणलेल्या मीटरवर असते, त्यामुळे माग थांबला की त्याच दिवशी त्याची कमाई थांबते. जर्मनीत मंदीच्या काळात कामाचे तास कमी केले तर बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग, मुले असतील तर 67 टक्के, सरकारी विमा भरतो. 2009 च्या मंदीत लाखो कामगार त्यामुळे नोकरीवर राहिले. आपल्याकडे तेवढी तिजोरी नाही, हे मला कळते. पण यंत्रमाग कामगारांच्या कल्याण मंडळाची मागणी जुनी आहे. त्या मंडळात मंदीतल्या बंद दिवसांसाठी वेगळा निधी ठेवा. उत्तर प्रदेश-बिहारचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा कारागीर, एकदा गावी निघून गेला की बाजार सुधारल्यावरही माग लवकर चालू होत नाहीत. हा खर्च मालकाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

या सगळ्यातली ट्रेड्सची अट सर्वांत आधी घाला. तिला अनुदान लागत नाही, नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. सरकारी कापडखरेदीची पुढची निविदा निघण्याआधी तो निघावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
इचलकरंजीतील एक दिवाणजी