विषय: नव्या स्कायलाइटची गळती, आणि ‘घरातली वाफ’ हे तुमचं उत्तर

ग्राहक सेवा प्रमुख,

आज चौथ्यांदा फोन केला, हाती काही लागलं नाही. म्हणून लेखी कळवतो आहे.

मिनेसोटातल्या डुलुथमधल्या आमच्या घराचं स्कायलाइट, म्हणजे छपरातली खिडकी, तुमच्या माणसांनी ऑक्टोबरमध्ये बदललं. पारा उणे 20 खाली गेल्यापासून त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी टपकतं आहे. काच मात्र कोरडी आहे. हे सांगितल्यावर तुमचे गृहस्थ म्हणाले, “ही गळती नाही, घरातली वाफ आहे.” घरात 21 अंशांना 30 टक्के आर्द्रता आहे, असं मी सांगत होतो. त्यांनी मला मधेच तोडलं. “तुमच्याकडे स्वयंपाक फार होतो ना? भाजी शिजवताना खिडकी उघडत जा.” उणे 20 मध्ये खिडकी! पुन्हा कोपऱ्याचा विषय काढला, तर म्हणाले, “मग उन्हाळ्यापर्यंत खाली बादली ठेवा.” आमच्या स्वयंपाकावर बोलायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण 3 अंश येतो. काचेचा मध्य 9 अंशांवर आहे, म्हणून ती कोरडी. कोपऱ्यातली चौकट उणे 2 वर आहे. कडेची पट्टी काढून पाहिली, तर चौकट आणि वाशांमधली बोटभर फट रिकामी! तिथे कमी फुगणारा फोम भरायचा असतो आणि बाष्परोधक प्लास्टिक टेपने चौकटीपर्यंत हवाबंद करायचं असतं. ते प्लास्टिक चौकटीपासून चार इंचांवरच कापलेलं आहे. उबदार हवा फटीत शिरते, तिथे बर्फ धरतो आणि ऊन पडलं की टपकतो. वाफ घरातली खरी, पण तिला वाट तुम्ही करून दिलीत.

बिलात नव्या फ्लॅशिंगचे, म्हणजे चौकट आणि छपराच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून बसवायच्या पत्र्यांचे, पैसे घेतलेत. काम चालू असतानाच्या फोटोंत मात्र जुनेच पत्रे परत ठोकलेले दिसतात, आणि वरच्या बाजूला पाणी अडवणारा चिकट पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, नाही. बर्फ साचतो तो नेमका तिथेच. वितळलेलं पाणी छपरावरच्या शिंगलखाली (एकावर एक बसवलेल्या चपट्या तुकड्यांखाली) मागे सरकतं, तेव्हा मेम्ब्रेनशिवाय त्याला अडवणारं काही नसतं. हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. थंड प्रदेशातलं काम म्हणूनच तुमची निवड केली होती.

फोम, टेप आणि भिजलेला जिप्सम बोर्ड हे आतलं काम आत्ताच करा. हवा उबदार झाली की चारी बाजूंचे शिंगल काढून मेम्ब्रेन चौकटीवर चढवा आणि शिंगलच्या प्रत्येक थरागणिक फ्लॅशिंगचा एकेक नवा तुकडा बसवा. सगळं विनामूल्य. मिनेसोटाच्या 327A कायद्यानुसार सदोष कामाची एक वर्षाची हमी तुमच्यावर आहे. 10 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर कंत्राटदारांना परवाने देणाऱ्या राज्याच्या कामगार व उद्योग विभागाकडे हेच फोटो जातील.

स्वयंपाकाबद्दलच्या त्या बोलण्याची माफीही लेखीच हवी.