सेव्हिलहून मनूला

मनू बाळा,

आम्ही नीट पोचलोय. फोन जमतच नाहीये गं, तू सकाळी क्लासला जातेस तेव्हा आम्ही गाढ झोपेत आणि आम्ही जेवायला बसतो तेव्हा तुझी मध्यरात्र उलटलेली, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

इथे जेवायच्या वेळा अजब आहेत. दुपारचं जेवण दोन-अडीचला, मग बऱ्याच ठिकाणी किचन बंद ते थेट रात्री आठ-साडेआठला उघडणार, आणि इथली माणसं तर नऊनंतरच बाहेर पडतात, अगदी कडेवरच्या पोरांना घेऊन. जूनमधे सूर्यच साडेनऊ वाजून गेल्यावर मावळतो, कारण स्पेन नकाशात इंग्लंडच्या खाली असला तरी १९४० पासून घड्याळ जर्मनीच्या वेळेवर लावलेलं आहे. बाबांनी आता चार वाजता फळं खायची सवय लावून घेतलीये. व्हेज मिळेल का याची तू काळजी करत होतीस ना, इथला खास पदार्थच पालक आणि छोल्यांचा आहे, तळलेला पाव लसणीबरोबर वाटून घालतात त्यामुळे रस्सा दाट होतो, वर जिरं आणि लाल मिरचीची पूड. मी तीनदा मागवला.

काल हिराल्दावर चढलो. हा मूळचा मशिदीचा मिनार, ११९८ मधे पूर्ण झालेला, पुढे मशिदीच्या जागी कॅथेड्रल आलं तरी तो पाडला नाही, वर घंटाघर चढवलं. आत जवळजवळ जिनाच नाही, ३५ उतार आहेत वळत वळत वर जाणारे, घोड्यावर बसून जाता यावं म्हणून केलेले म्हणतात, त्यामुळे बाबांचे गुडघे कुरकुरले नाहीत. वरून खाली संत्र्याच्या झाडांचं अंगण दिसतं तेही मशिदीच्या काळापासूनचं. मला फार आवडलं हे.

पण खरं सांगायचंय ते फ्लेमेंकोचं, म्हणजे इथल्या नाचगाण्याचं. नदीपलीकडे त्रिआना म्हणून भाग आहे, कुंभारांचा आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा, तिथे एका छोट्या हॉलमधे गेलो. माइक नाही, एक गिटार, एक गाणारा, एक बाई नुसत्या टाळ्या धरणारी. नाचणारी आधी कितीतरी वेळ उभीच राहिली, गाणं ऐकत, आणि मग पाय सुरू झाले. बुटाच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, त्यातून आवाज येतो, घुंगरू नाहीत. एका जागी तिने टाचांचा आवाज इतका बारीक केला की कान द्यावा लागला, नंतर वाढवत वाढवत नेऊन एकदम थांबली आणि सगळे “ओले! ओले!” असं दाद देत ओरडले, आपल्याकडे समेवर वाहवा येते ना तस्संच. माझ्या डोळ्यात पाणी आलं मनू, तुझा कथकमधला तत्कार, ते पायांचं काम, आठवलं.

लोक सरळ म्हणतात की कथकचंच फ्लेमेंको झालं, मला ते पटत नाही. फ्लेमेंको ज्यांच्याशी जोडतात त्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले आणि पंधराव्या शतकात इथे पोचले हे खरं, पण तू शिकतेस ते कथक लखनौ-जयपूरच्या दरबारात घडलं ते खूप नंतर, आणि फ्लेमेंकोत इथल्या अंदालुसिया प्रांताच्या गाण्यांचा, अरबांचा, सगळ्यांचाच वाटा आहे. नातं असेल तर दूरचं. त्या नाचणारीने आणि तू, दोघींनी आपापल्या घरी रियाझ करून पायात एवढी ताकद आणली याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

रेकॉर्डिंगला परवानगी नव्हती म्हणून तुझ्यासाठी तालाचा हिशोब लिहून आणलाय. प्रकाराचं नाव सोलेआ, मात्रा बारा, पण जोर ३, ६, ८, १०, १२ वर. म्हणजे आधी दोनदा तीन-तीन, मग तीनदा दोन-दोन. आपल्या एकतालातही बाराच, पण विभाग सगळे दोन-दोनचे, म्हणून मला पहिल्या सहा मात्रा धरताच येईनात. तू आधी हाताने टाळी देऊन बघ, जमलं की पायात घे, आणि क्लासच्या ताईंना विचार यावर एखादा तुकडा बसवता येईल का. शनिवारी ट्रेनने कॉर्डोबाला जातोय, पाऊण तासाचा रस्ता आहे, त्याआधी मला व्हॉइस नोट पाठव.

तुझी,
आई