बाळूस पत्र: राणेसाहेबांचा रस्ता

सोलापूर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका मोरीचं काम काढलंय. जुनी मोरी फोडली आणि गाड्यांसाठी शेजारून डायव्हर्जन करून दिलं. आपल्याकडचा एप्रिल तुला सांगायला नको. अकरा वाजले की पहार हातात धरवत नाही, माणसं गोणपाट गुंडाळून धरतात. एवढ्याशा डायव्हर्जनला आम्हाला दोन दिवस लागले. तेही जेसीबी हाताशी आणि लिंबाची सावली डोक्यावर असताना.

त्या दोन दिवसांत सारखे परमवीरचक्रवाले रामा राघोबा राणे आठवत होते. कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचं पोर. 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, भरती झाले, ब्रह्मदेशात लढले. डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले आणि चारच महिन्यांत, पाकिस्तानशी काश्मीरसाठी लढाई चालू असताना, तिथल्या नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर उभे राहिले. राजौरीतल्या लोकांपर्यंत लवकर पोचायचं होतं, पण रस्त्यात सुरुंग पेरलेले, चिडाची झाडं आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या. रणगाडे पुढे सरकणार कसे?

8 एप्रिल 1948. काम सुरू व्हायच्या आतच तोफगोळे आले. दोन सॅपर गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. उरलेली माणसं गोळा करून त्यांनी काम धरलं, आणि दुपारी बरवाली टेकडी हाती आल्यावर मशीनगनच्या माऱ्यात, शत्रूला सरळ दिसत, रात्री दहापर्यंत डायव्हर्जन करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत तेच. मग पुढच्या गाडीत बसून निघाले. अर्धा मैल गेले की झाडं आडवी, ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे फोडलेली मोरी. बाळू, मोरी! तिथंही गोळ्यांच्या माऱ्यात डायव्हर्जन केलं. संध्याकाळी पाच मोठी झाडं लागली, भोवती सुरुंग. अंधार पडला म्हणून थांबावं लागलं. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी हजर. साडेसहाला रस्ता मोकळा!

दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. कोणीही तिथं टेकला असता. राणे मात्र मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत, अन्नाविना, रस्ता साफ करत होते. 11 तारखेलाही सकाळी सहा ते रात्री दहा.

परमवीरचक्र म्हटलं की मला शाळेपासून बंदूक रोखलेला जवानच दिसायचा. या माणसाच्या हातात दिवसभर सुरुंग आणि माती. चार दिवस, रोज पहाटे उठून, जखमी अंगानं. मला तर हेच शौर्य जास्त अवघड वाटतं, कारण एका झटक्यात उडी घेणं वेगळं आणि रात्री मरणाजवळून परत येऊन सकाळी पुन्हा तिथंच पहार मारणं वेगळं. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेल्या अगदी पहिल्यांपैकी ते एक. मेजर होऊन निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात वारले. तेव्हा आपण पुण्यातच शिकत होतो रे. जाऊन पाया पडता आलं असतं.

मे महिन्यात धाकटीला घेऊन येतोय. तिला खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र बाहेरून तरी दाखवायचंय. तू रविवार मोकळा ठेव. वहिनींना सांग, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणतोय. मोरीचा स्लॅब परवा पडेल, सकाळी सहाला साइटवर जायचंय, म्हणून इथंच थांबतो.

तुझा,
अण्णा