गार्डनडेलचा निकाल: बापूस पत्र

बर्मिंगहॅम, अलाबामा
18 फेब्रुवारी 2018

प्रिय बापू,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही, आणि आज एकदम एवढं लांबलचक. तब्येती बऱ्या आहेत, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. मंगळवारी इथं एक निकाल लागला. तो ज्याला सांगावा तो दुसऱ्या वाक्याला घरांच्या किमतीवर येतो, म्हणून तुला लिहितोय.

आमच्या उत्तरेला गार्डनडेल नावाचं 14 हजार वस्तीचं गाव आहे. शाळा जेफरसन काउंटीच्या, म्हणजे तुमच्या झेडपीसारख्या समज. गावाला स्वतःचं शाळामंडळ हवं होतं. इथल्या कायद्यानं पाच हजारांवर वस्ती असली की शहराला तशी मुभा आहे. लोकांनी मतदान करून स्वतःवर जादा कर लावून घेतला, 2014 साली मंडळही नेमलं. पण शाळांमधल्या वर्णभेदावरून या काउंटीवर 1965 पासून खटला चालू आहे. त्याच्याच हुकमानं नॉर्थ स्मिथफील्डच्या कृष्णवर्णीय वस्तीतली पोरं पिवळ्या बसनं गार्डनडेलच्या शाळांत येतात. मंडळ वेगळं झालं की त्यांचं येणं गावाच्या मर्जीवर. शेजारच्या इतर गावांतल्या पोरांना तर हळूहळू बंदच करायचं ठरलं होतं. आणि हायस्कूलची इमारत? काउंटीनं पाच कोटी डॉलरवर खर्च करून बांधलेली, आसपासच्या सगळ्यांसाठी. ती गावाला फुकटात हवी होती!

प्रचाराचं एक पत्रक होतं. त्यावर एका गोऱ्या मुलीचा फोटो, खाली दोन याद्या: वेगळी झालेली शहरं आणि न झालेली. गार्डनडेल कुठला रस्ता धरणार, असा प्रश्न. रंगाचा शब्दही नाही, पण न झालेल्यांच्या यादीत कुठली गावं घातलीत हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

गेल्या वर्षी न्यायाधीश मॅडेलिन हायकाला यांनी साफ लिहिलं की यामागं वंश हे कारण आहे, आणि तरी दोन प्राथमिक शाळा गावाला देऊ केल्या. तेव्हा मी किती चिडलो होतो! आता वरच्या कोर्टानं तेही रद्द केलं: हेतू असा आहे म्हणता, तर काहीच मिळणार नाही. वाचून बरं वाटलं, बापू, मनापासून.

पण घरात वाद पेटलाय. आम्ही घर बघतोय, आणि आपली बहुतेक मराठी मंडळी हूवर या उपनगरात. हूवर 1988 मध्येच काउंटीतून वेगळं झालं, पत्रकातल्या चांगल्या यादीत ते आहेच. हिचं म्हणणं, पोरीचं शिक्षण एकदाच होतं, तुमच्या तत्त्वांसाठी तिनं का भोगायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही. रोज रात्री भांडी घासताना हाच विषय, आणि कुकर माझ्यावर आपटला जातो.

मला सारखी पाचवी आठवते. दादांनी मला तालुक्याला घातलं तेव्हा तू महिनाभर अबोला धरलास, माझी विटी ओढ्यात फेकलीस. (ती चिंचेची होती, अजून भरून दे.) माझ्या लग्नातही पंगतीत भांडलास, की तुमची चार घरं निघाली आणि शाळेचा पट घसरला, गुरुजींची बदली झाली. मी म्हणालो, एका पोरानं शाळा बसते होय? तू म्हणालास, एकेकच जातो रे. त्यावर मी जिलबी वाढायला उठलो. पण माझं अजून म्हणणं आहे की बाप पोराचं बघणारच. आख्ख्या गावानं ठराव करून दुसऱ्याच्या पोरांना दारं लावणं निराळं. निराळं आहे ना? तू काय म्हणतोस ते हवंय मला, आणि फोनवर नको, तू फोनवर फार लवकर मान्य करतोस.

तुझ्या शाळेचं काय? दहाच्या आत पट असलेल्या 1,300 च्या आसपास शाळा बंद करणार, हे डिसेंबरात वाचलं तेव्हापासून विचारायचं होतं. ऊसतोडीची पोरं परतली का? वहिनींची बदली जवळ झाली असेल तर उत्तम. धाकट्याला सायकल घेतलीस का?

आम्हाला घराचं मार्चअखेर सांगायचं आहे. त्याआधी लिही, आणि हिच्या नावानं वेगळं लिही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझा,
दत्ता