ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येतो : उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते आणि राष्ट्रीय सेवा योजनेतल्या आमच्या मुलींच्या गटाचे काम दोन वर्षे पाहते आहे.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तो पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतल्या घरापर्यंत कसा पोहोचतो, हे आम्ही दर रविवारी पाहतो, आणि तेच आपल्याला सांगायचे आहे.

गेल्या प्रवेशाच्या वेळची गोष्ट. समाजमंदिरात सतरंजीवर बसून आम्ही एका मुलीचा महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या सरकारी संकेतस्थळावरचा, अर्ज भरत होतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, गुणपत्रिका, सगळे तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट घडी घालून आणले होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिच्या नावातली वेलांटी दीर्घ होती, आधारवर ऱ्हस्व, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हींकडे निराळे. ते निस्तरेपर्यंत दुपार झाली. मग ओटीपी आला, पण वडिलांच्या मोबाईलवर, आणि वडील रिक्षा घेऊन स्वारगेटला. पहिल्यांदा त्यांनी फोन उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला तोवर ओटीपीची मुदत संपली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी रिक्षा कडेला घेऊन एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. अर्ज दाखल झाल्यावर त्या मुलीने आम्हाला हळूच विचारले, "ताई, माझ्या नावाचं सिमकार्ड घेता येईल का?" हा प्रश्न तिने कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीवर विचारला नसता. आमच्या गटातल्या ज्या मुलीला तो विचारला, ती दोन वर्षांपूर्वी स्वतः असाच अर्ज घेऊन सेतू केंद्रात हेलपाटे घालत होती.

महोदय, हे काम अशाच मुली करू शकतात, आणि नेमक्या त्यांच्याच हाती कोणताही अधिकार नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा ठरलेला हिशेब आहे. आमचे तास मोजले जातात, पण त्या तासांत काय करायचे हे ठरवताना आम्हाला विचारले जात नाही. एका रविवारी परवानगीच्या पत्रावर सही मिळाली नाही, कारण आमचे कार्यक्रम अधिकारी सर परीक्षेच्या कामात अडकले होते. वस्तीत मुली कागदपत्रे घेऊन थांबल्या आणि आम्ही महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर. सरांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. शिकवणे, परीक्षा आणि योजना ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात असली की असेच होणार. झेरॉक्सचे आणि पीएमपीच्या तिकिटांचे पैसे आम्ही पदरमोड करून भागवतो. शिबिराला जाण्यासाठी मुलींकडून पालकांचे संमतिपत्र घेतले जाते, मुलांकडून घेतले जात नाही. त्या संमतिपत्रावर आईची सही चालेल का, असे मी विचारले, तर वडिलांचीच हवी असे उत्तर मिळाले.

दुसरीकडे, मुलींच्या सक्षमीकरणाच्या नावाने वर्षातून एकदा सभागृह भरते. पाहुणे येतात, निर्भय व्हा असे सांगतात, शाल-श्रीफळ घेऊन जातात. (खुर्च्या लावण्याचे काम आमच्याकडेच असते.) अशी व्याख्याने बंद करा असे मी म्हणत नाही, पण त्यांच्यासाठी जो खर्च सहज मंजूर होतो, त्यातल्या थोड्या भागात वस्तीतले आमचे वर्षभराचे काम चालेल.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडे कोण प्रतिनिधी आहे हे आम्हाला सूचना फलकावर कागद लागला तेव्हा कळले. ज्या मुलींना वस्तीतल्या पोरी घरातल्या गोष्टी विश्वासाने सांगतात, त्यांना त्यांच्याच महाविद्यालयात मत देता येत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. ती तेव्हा विद्यार्थिनी होती. आमच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे, म्हणून ही आठवण.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक महाविद्यालयीन एककात (गटात) विद्यार्थिनींनी निवडलेल्या दोन प्रतिनिधी असाव्यात. वर्षाचा आराखडा एकदा मंजूर झाला की दर रविवारच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागू नयेत. एक लहान रक्कम या प्रतिनिधींच्या सहीने खर्च करता यावी आणि तिचा हिशेब आमच्याकडून काटेकोर घ्यावा. आईची सही वडिलांच्या सहीइतकीच ग्राह्य धरावी. अंतर्गत समितीच्या विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक झाली की नाही, याचा अहवाल आपल्या विभागाने महाविद्यालयांकडून मागवावा.

प्रवेशाची पहिली फेरी सुरू होण्याआधी असे परिपत्रक निघाले, तर यंदा समाजमंदिरात एकाऐवजी तीन टेबले लावण्याची आमची तयारी आहे. सिमकार्डासाठी कोणती कागदपत्रे लागतात, तो तक्ता आम्ही तयार करून ठेवला आहे.

आपली विश्वासू,
तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे