सामाईक भिंत चार इंची का?

महोदय,

जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांभोवती रो-हाउसच्या रांगा उभ्या राहिल्या असून त्यांतील अनेक ठिकाणी दोन घरांमध्ये विटांची एकच चार इंची भिंत असते. आमचे घर त्यांपैकीच एक आहे. पहाटे साडेपाचला शेजारच्या वहिनींनी ठेच्यासाठी मिक्सर लावला की बारावीचा अभ्यास करणारी आमची मुलगी वही मिटून बसत असे, आणि आमचे घरातले बोलणे त्यांनाही ऐकू जात असणार, या संकोचाने आम्ही हळू बोलू लागलो होतो.

प्रथम आम्ही दुकानदाराच्या सांगण्यावरून भिंतीला फोमचे तक्ते चिकटवले. पैसे गेले, आवाज राहिला. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अडवण्याचे काम भिंतीचे वजन करते. वजन दुप्पट झाले तर सुमारे पाच ते सहा डेसिबलचा फरक पडतो. हात-दीड हात जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरांत शेजार ऐकू येत नसे, त्याचे कारण हेच. सध्या लोकप्रिय असलेले एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आपल्याकडच्या उन्हाळ्यात उपयोगी असले, तरी ते विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असल्याने तेवढ्याच जाडीत आवाज अडवायला कमी पडतात.

खरा दोष मात्र मिस्त्रींनी स्विचबोर्ड उघडल्यावर सापडला. आमच्या बोर्डाच्या पेटीमागे वीट नव्हतीच, थेट शेजाऱ्यांच्या बोर्डाची पेटी होती, आणि फटीतून त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. एवढ्याशा फटीने सगळ्या भिंतीचे काम वाया घालवले होते. ती बुजवून, भिंतीपासून इंचभर अंतर सोडून आम्ही पत्र्याच्या चॅनेलची स्वतंत्र चौकट उभी केली, तीत ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) भरले, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर सांधे चुकवून लावले आणि कडा सीलंटने बंद केल्या. चौकट फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता स्लॅबपर्यंत नेली, नाहीतर आवाज वरून आलाच असता. खोली चार इंचांनी अरुंद झाली. तरीही मिक्सरची घरघर थोडी उरलीच, कारण शेजाऱ्यांचा कडप्प्याचा ओटा सामाईक भिंतीतच रोवलेला आहे. वहिनींनी मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा ठेवला आणि तीही जवळपास थांबली. (हा उपाय आधी सुचला असता तर!)

नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ मध्ये ध्वनिरोधनासाठी स्वतंत्र विभाग आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजारच्या मिक्सरविरुद्ध तक्रार करायला कोण जाईल, आणि का जावे? चूक शेजाऱ्यांची नसून बांधकामाची आहे. म्हणून नगरपालिका व महापालिकांनी नकाशा मंजूर करतानाच सामाईक भिंत किमान नऊ इंची किंवा मध्ये पोकळी सोडलेली दुहेरी असावी, ती स्लॅबला भिडलेली असावी आणि दोन घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नयेत, अशी अट घालावी. घर घेणाऱ्यांनीही, गिलावा होण्यापूर्वी एकदा साइटवर जाऊन, सामाईक भिंतीची जाडी टेपने मोजून पाहावी.

— एक वाचक, जळगाव