आधी पॉइंट, मग टायमिंग

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींच्या निगेवरचा लेख आवडीने वाचला. लेखकाचा या गाड्यांवर जीव आहे, हे जाणवतं. पण इग्निशन टायमिंगच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी याच्या, परिच्छेदापाशी आले आणि चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर (पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) हळूहळू फिरवायचा, इंजिन सर्वांत जोरात पळेल तिथे बोल्ट आवळायचा, आणि पॉइंटचा, म्हणजे त्याच्या आतल्या उघडझाप करणाऱ्या विजेच्या संपर्कांचा, गॅप नंतर सवडीने बघायचा, असा सल्ला त्यात आहे. दोन्ही गोष्टी चूक. दुसरी तर जास्तच.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. थोरल्या दिरांची १९६५ सालची चार सिलिंडरची गाडी निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडली. कानाने टायमिंग लावायचा हाच उद्योग मीही केला. इंजिन असं काही सुरेख पळायला लागलं, की आठवडाभर मी हवेत होते. मग पहिला लांब चढ आला. पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला जावं, तर स्टार्टर अडखळायचा, जणू आतून कुणी उलटं ढकलतंय. प्लग काढून पाहिला, तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके, काही चकचकीत. ते चकचकीत म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम. पिस्टनला भोक पडलं नाही हे नशीब.

का झालं ते साध्या गुणाकाराने कळतं. ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) एका मिलिसेकंदात ५ अंशही फिरत नाही; ३००० फेऱ्यांवर तो तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. त्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगीही आधी पडायला हवी. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये हे काम चालवणारा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या दांडीने हातानेच करायचा. आपल्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं स्प्रिंग ताणून बाहेर सरकतात आणि ते करतात. माझ्या गाडीत ही वजनं क्रँकच्या मापाने २४ अंशांची भर घालतात. पुस्तकातला सुरुवातीचा आकडा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी द्यायची तो, ८ होता, मी कानाच्या भरवशावर १६ करून बसले होते. म्हणजे वरच्या वेगाला ३२ च्या जागी ४०. आयडलिंगला इंजिनावर ओझं नसतं. जादा अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगीची घाई, ते निमूट घेतं, वर जोरात पळून शाबासकीही मिळवतं. वसुली होते ती चढावर.

आता पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या दांड्यावरच्या कॅमच्या उंचवट्याने पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधून ठिणगी सुटते. गॅप वाढवला की ते लवकर उघडतात, टायमिंग अॅडव्हान्स होतं. कमी केला की उशिरा उघडतात, टायमिंग मागे जातं. आणि कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजतच असते, त्यामुळे गॅप हळूहळू आपोआप मिटत जातो. गाडीत दम राहिला नाही, तापतेही फार, अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा हीच टाच झिजलेली असते. मग आज टायमिंग लावून पुढच्या आठवड्यात गॅपला हात लावला, तर आजचं काम पुसलंच की! माझ्या गाडीला ०.४ मिलिमीटर लागतो. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती घासत पण न अडकता गेली पाहिजे. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड असतं, तिथे पाती फसवते. अशा वेळी नवे पॉइंट घालावेत.

दिरांच्या हत्यारांच्या डब्यात १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आहे, दोन तारा डाग देऊन जोडलेला, टोकांना चिमटे. एक चिमटा डिस्ट्रिब्युटरला कॉइलकडून येणाऱ्या बारीक तारेच्या टोकाला, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. प्लग काढून ठेवायचे, इग्निशन चालू करायचं आणि पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. पॉइंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला. पुलीवरची टायमिंगची खूण जुळते नेमक्या त्याच जागी तो लागला पाहिजे. खूण पुढे गेली तर तेवढंच मागे आणून भागत नाही, कारण चेनमधला ढिलेपणा आकडा बिघडवतो. चांगला पाव फेरा मागे जाऊन पुन्हा चालत्या दिशेनेच यायचं. शिवाय ही खूण दर फेऱ्याला येते आणि पहिल्या सिलिंडरची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच. प्लगच्या भोकावर अंगठा धरला की दाबाने तो उडतो, तो फेरा आपला. मी एकदा हे विसरले आणि कार्बोरेटरने असा बार काढला, की शेजारचे धावत आले.

बल्बनंतर टायमिंग लाइट (दर ठिणगीला लुकलुकून फिरती खूण थांबल्यासारखी दाखवणारा दिवा) जरूर लावावा. इंजिनाचा वेग वाढवला की खूण सरकत गेली पाहिजे आणि सोडला की जागेवर परतली पाहिजे. पुढे एकदा माझी सरकेचना. वजनं गंजून चिकटली होती. ती साफ करून पिनांवर तेलाचा एकेक थेंब सोडल्यावर सरकायला लागली.

जाता जाता लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. त्यात गृहस्थांनी लाइट पुलीवर बरोबर धरला आहे, पण डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने टायमिंग सरकवणारी) जोडलेलीच दिसते. अनेक गाड्यांच्या पुस्तकांत ती काढून, तोंड बंद करून मगच आकडा वाचायला सांगितलेलं असतं. तेवढं त्यांनी आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका